मंदीच्या दिवसांत हात आखडता घ्यावा का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई इचलकरंजीत राहतात. त्यांचे वय ४४. त्या बी.कॉम. झालेल्या असून घरच्या कारखान्याचा जमाखर्च गेली अनेक वर्षे त्याच लिहितात. त्यांचे यजमान खर्चीवाले यंत्रमागधारक आहेत. म्हणजे व्यापाऱ्याने दिलेले बीम (उभे धागे गुंडाळलेले रूळ) आणि सूत घेऊन कापड विणून द्यायचे आणि पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, दराने मजुरी घ्यायची, असा त्यांचा धंदा आहे. आठ मागांपैकी सध्या चारच चालतात आणि तेही एकाच पाळीत. दोन कामगारांपैकी एक ओडिशाला आपल्या गावी परतला. दुसरा त्याच गल्लीत राहतो, त्याला दोन लहान मुले आहेत आणि आता आठवड्यातून तीनच दिवस काम मिळते. त्याच्या घरी ताई दरमहा दोन हजार रुपये आणि थोडे धान्य देतात. ही गोष्ट त्यांनी घरात कोणालाही सांगितलेली नाही. त्यात आधी भिशीचे पैसे गेले, नंतर हातातली एक पाटली गहाण पडली. अशातच शेजारच्या कुटुंबाने पतसंस्थेच्या कर्जासाठी यजमानांना जामीन राहण्याची गळ घातली आहे. सासूबाई म्हणतात, “आपलंच झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.” पुण्याचा भाऊ पैसे देऊ करतो, ताईंनी त्याला नाही म्हटले आहे. बारावीतल्या मुलीने विचारले, “आई, आपण गरीब झालो का?” आणि ताईंना उत्तर देता आले नाही. त्या लिहितात, “आमच्यातच काही कमी असेल म्हणून ही वेळ आली असे वाटते. माझ्याच मनात आशा उरलेली नसताना मी दुसऱ्याला धीर कसा देऊ? आणि अशा दिवसांत मदत करणे हा वेडेपणा आहे का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही जे करीत आहात त्याला मी वेडेपणा म्हणणार नाही. ज्या माणसाने तुमच्या मागांवर वर्षानुवर्षे रात्रपाळ्या काढल्या, त्याच्या मुलांच्या ताटात काय पडते याची काळजी तुम्हाला वाटते, ही गोष्ट मंदी कितीही वाढली तरी जपण्यासारखीच आहे. मात्र ही मदत ज्या रीतीने चालली आहे ती रीत फार दिवस टिकणार नाही, आणि ती मोडेल तेव्हा तुमच्यासोबत त्या घरालाही धक्का बसेल. म्हणून मदत करावी की नाही यापेक्षा ती कशी करावी, किती करावी आणि कोणाला विश्वासात घेऊन करावी, याचा आपण आधी विचार करू.

त्याआधी “आमच्यातच काही कमी असेल” हे तुमचे वाक्य मला थोडे तपासून पाहावेसे वाटते, कारण पत्रातल्या इतर सगळ्या अडचणी त्याच वाक्यातून निघाल्या आहेत असे मला वाटते. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या गावाचे पोट सुतावर चालते. सूत महाग झाले, कापडाला उठाव नसला, वीजदर वाढले की त्याचा फटका इचलकरंजीलाही बसतो, तसाच भिवंडी, मालेगाव आणि सोलापूरलाही बसतो. त्यातही खर्चीवाल्याची अवस्था विशेष नाजूक असते. तो सूत विकत घेत नाही, त्यामुळे सुताच्या भावातली जोखीम वरवर पाहता त्याच्यावर नसते. पण भाव वरखाली होऊ लागले की व्यापारी बीम देणेच थांबवतो, आणि मग शेडचे भाडे, विजेचा स्थिर आकार, मागांसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते हे सगळे त्याच्या एकट्याच्या माथी उरते. माग बंद ठेवण्याचा निर्णय त्याने घेतलेला नसतो, तो दुसऱ्या कोणाच्या पेढीवर झालेला असतो. तुमचे यजमान सकाळी शेड उघडून बसतात आणि बीम येत नाही, यात त्यांच्या कष्टाचा किंवा अकलेचा दोष कोठे आला? वर्षानुवर्षे तुम्ही जमाखर्च लिहिता. गेल्या तीन वर्षांच्या वह्या काढून बघा. घरखर्चात उधळपट्टी झालेली नाही, मजुरीची जमा घटली आहे, हे तुमच्याच अक्षरात लिहिलेले सापडेल.

हे मी समजूत घालण्यासाठी लिहीत नाही. स्वतःला दोष देणारा माणूस परिस्थिती लपवू लागतो, आणि लपवलेल्या अडचणीला कोणाचीच मदत पोहोचू शकत नाही, म्हणून लिहीत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हाचे दिवस तुम्ही पाहिले आहेत. शाळा आणि मंगल कार्यालये उघडली गेली, घराघरांतून भाकऱ्या गेल्या, ज्यांची कधी ओळखही नव्हती त्यांनी एकमेकांचे संसार उचलून वर आणून ठेवले. त्या वेळी कोणालाही “माझ्यात काही कमी असेल” असे वाटले नाही, कारण पाणी सगळ्यांना दिसत होते. मंदीचे पाणी दिसत नाही. एका शेडचा खडखडाट थांबतो, शेजारच्या शेडचा चालू असतो, आणि थांबलेल्या शेडमधला माणूस मान खाली घालून चालू लागतो. पुराचे आणखी एक आहे. तो आठ-पंधरा दिवसांत ओसरतो, म्हणून पुरात माणूस हातचे न राखता देऊ शकतो. मंदीला ओसरण्याची तारीख नसते. म्हणून पुरातल्या मदतीची रीत इथे वापरली तर देणारा मध्येच संपतो. तुमच्या बाबतीत नेमके हेच घडत आहे असे मला वाटते. तुम्ही पुरात द्यावे तसे मंदीत देत आहात; आधी भिशी, मग पाटली, आणि यानंतर काय, हे पत्रात तुम्ही लिहिलेले नाही.

गिरणगावातल्या खाणावळ चालवणाऱ्या बायकांची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. गिरण्यांत काम करणारे हजारो कामगार मुंबईत एकटे राहत, आणि या बायका आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांचा स्वयंपाक करीत. संप झाला, पगार थांबला, तरी त्या उधारीवर जेवू घालीत. स्वतः मात्र वाण्याकडून उधारीने धान्य आणीत आणि सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे घेत. वेळ आली तर अंगावरचे सोनेही मोडीत. गिरणी कामगाराचा आधार म्हणून त्यांच्याकडे सगळे पाहत होते. त्यांचा आधार कोण, हे फारसे कोणी विचारत नव्हते. प्रेमाताई पुरव यांनी ते विचारले आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. या बायकांना एकत्र करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यापासून त्या कामाची सुरुवात झाली. बाईची माया कमी नव्हती, तिचा हिशेब एकटीचा आणि झाकलेला होता, हे त्या कामामागचे निदान मला फार मोलाचे वाटते. तुमच्या पत्रातली पाटली वाचली तेव्हा मला त्या खाणावळवाल्या बायकाच आठवल्या.

म्हणून पहिली गोष्ट, यजमानांशी बोला. गुन्ह्याची कबुली देत आहोत अशा सुरात मात्र बोलू नका. सासूबाई झोपल्यावर, मुलगी अभ्यासाला बसल्यावर, एका रात्री जमाखर्चाची वही आणि सोनेतारणाची पावती दोन्ही समोर ठेवा. पावतीवर तीन गोष्टी पाहा: व्याजाचा दर, मुदत संपण्याची तारीख, आणि आजच्या तारखेला पाटली सोडवायची तर किती रक्कम लागेल. पाटली गहाण आहे यापेक्षा तिची मुदत कधी संपते हे माहीत नसणे जास्त धोक्याचे आहे, कारण मुदत उलटली आणि आलेल्या नोटिशीकडे दुर्लक्ष झाले तर तारणाचा लिलाव होऊ शकतो. मग महिन्याचे येणे आणि देणे एका कागदावर मांडा. त्या कागदावर कामगाराच्या घरी जाणारे दोन हजारही लिहा. यजमान रागावतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. पण मला दाट शंका आहे की त्यांच्याही मनात तुम्हाला न सांगितलेली एखादी उसनवारी आहे. मंदीत नवराबायको एकमेकांना त्रास नको म्हणून एकमेकांपासून आकडे लपवतात, आणि घरात दोन वेगवेगळे हिशेब चालू राहतात. तुमच्या वहीपासून सुरुवात झाली तर त्यांनाही आपले सांगणे सोपे जाईल.

आता त्या कामगाराच्या घराविषयी. मदत थांबवा असे मी म्हणत नाही. ती ठरलेली, उघड आणि मुदतीची करा. यजमानांशी बोलून एक रक्कम ठरवा, ती दोन हजारांऐवजी आठशे असली तरी चालेल, आणि ती पुढचे तीन महिने देऊ असे त्या घराला स्पष्ट सांगा. एखाद्या महिन्यात अचानक हात वर करण्यापेक्षा आधी सांगितलेली छोटी रक्कम त्या कुटुंबाला अधिक उपयोगी पडते, कारण तिच्या भरवशावर त्या कामगाराची बायको आपला महिना आखू शकते. शक्य असेल तर यातला काही भाग कामाची मजुरी म्हणून द्या. बंद मागांची साफसफाई, तेलपाणी, झिजलेले भाग बदलणे, शेडची डागडुजी ही कामे एरवी पाळ्यांच्या गडबडीत राहून जातात. ती या दिवसांत करून घेता येतील. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, पण कामाचा दाम मागितला; वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी त्याच भावनेवर उभी होती. मिळालेल्या पैशापुढे आपले काम उभे आहे, हे माणसाला पुढच्या दिवसासाठी बळ देते. एक काळजी मात्र घ्या. आतापर्यंत दिलेली रक्कम त्याच्या नावावर उचल म्हणून लिहू नका. माग पुन्हा सुरू झाले की ती उचल त्याच्या आठवड्याच्या पगारातून कापली जाईल, तो वर्षभर तुमच्याकडे बांधला जाईल, आणि ज्या मायेने तुम्ही दिले तिचे बंधन होईल. दिले ते दिले, असे त्याला आणि स्वतःलाही सांगून टाका.

तुमच्या हातात पैशाहून मोठी एक गोष्ट आहे, आणि तिचा तुम्ही पत्रात उल्लेखही केलेला नाही. तुम्हाला कागद वाचता येतो, अर्ज लिहिता येतो, कचेरीत उभे राहून बोलता येते. त्या कामगाराच्या घरी शिधापत्रिका कोणती आहे, हे विचारले आहे का? प्राधान्य कुटुंबात नाव असेल तर माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या घरात २५ किलो धान्य येणे म्हणजे तुम्ही देता त्याचा बराच भार हलका होणे. केशरी कार्ड हातात असूनही धान्याच्या यादीत नाव नाही, मुलांची नावे कार्डावर चढवलेली नाहीत, ई-केवायसी राहिल्यामुळे धान्य बंद झाले, अशा कितीतरी घरांना आपल्याला धान्य का मिळत नाही याचे कारणच ठाऊक नसते. शहरी भागात प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये आहे, आणि उत्पन्नात बसूनही “इष्टांक शिल्लक नाही”, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या भरली आहे, असे उत्तर मिळू शकते. तसे झाले तर लेखी अर्ज द्यायचा, त्याची पोच घ्यायची आणि पुन्हा जाऊन विचारायचे. पुरवठा कार्यालयातल्या अशा एका सकाळीचा रिक्षाभाड्यापलीकडे खर्च नाही, आणि तिचा उपयोग मात्र दर महिन्याला होत राहतो. त्याच फेरीत घरातल्या सगळ्यांची आधार कार्डे आणि शिधापत्रिका एकमेकांशी जुळतात का तेही पाहून घ्या. घरात कोणी आजारी पडले आणि मोठ्या उपचाराची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात होऊ शकतात, आणि त्या वेळी नावातल्या एका अक्षराच्या चुकीपायी धावपळ होते.

याच कारणाने मला असे वाटते की मंदीत सरकारकडून हक्काने मिळणारी गोष्ट शेजाऱ्याच्या मायेने भरून काढू नये. माया अपुरी पडते आणि हक्क तसाच पडून राहतो. आधी हक्काचे मिळवून द्यावे आणि उरलेल्या खड्ड्यात आपली मूठ टाकावी.

जामीनकीबाबत मात्र माझे मत स्पष्ट आहे: राहू नका. सासूबाईंची म्हण तुम्हाला टोचली असेल, पण या एका बाबतीत त्यांचे बरोबर आहे. जामीन राहणे म्हणजे नुसती सही, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातले कलम १२८ सांगते की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पतसंस्था कर्जदाराच्या आधी जामीनदाराच्या दारात येऊ शकते, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला दोघांच्याही नावे निघू शकतो. ज्या घरात आज स्वतःचे हप्ते कसे भरायचे हा प्रश्न आहे, त्या घराने दुसऱ्याच्या हप्त्याची हमी देणे म्हणजे दोन्ही घरे एकाच दोरीला बांधणे होय. नकार देताना खोटी कारणे सांगू नका, कारण ती उघडी पडतात आणि मग नकारापेक्षा खोटेपणा जास्त लागतो. “आमचे चार माग बंद आहेत, आमची पाटली गहाण आहे, उद्या तुमचा हप्ता थकला तर तो भरायची आमची ताकद नाही, म्हणून सही करत नाही,” असे यजमानांनी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगावे. निरोप पाठवू नये.

नकार देऊन तिथून उठूही नये. ते कर्ज कशासाठी काढले जात आहे, हे विचारा. जुने कर्ज फेडायला नवे कर्ज काढले जात असेल, तर नव्या जामीनदाराच्या शोधापेक्षा जुन्याच संस्थेकडे जाऊन हप्ते लांबवून, रक्कम कमी करून मागणे शहाणपणाचे आहे. असा अर्ज कर्ज थकण्याच्या आधी गेला तर संस्था ऐकण्याची शक्यता जास्त असते; चार हप्ते थकल्यावर गेलेल्या माणसाला ती वसुलीच्या नजरेने पाहते. हा अर्ज तुम्ही लिहून देऊ शकता. आणि महिना पाच टक्के, दहा टक्के असे खासगी व्याज त्या घरात चालू असेल तर त्यांना एवढे जरूर सांगा, की २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाखाली विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परवानाधारक सावकारालाही बिनतारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक व्याज लावता येत नाही. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. कोरे धनादेश आणि कोरे मुद्रांक सही करून दिलेले असतील तर तक्रारीत त्याचा उल्लेख आवर्जून करावा.

तुमच्या भिशीविषयीही दोन शब्द. बारा-पंधरा बायकांची भिशी म्हणजे अडीअडचणीच्या वेळी हक्काने बोलता येईल अशी एक जागा आहे. पण तोंडी विश्वासावर चालणारी असल्यामुळे एखादीचा हप्ता चुकला की बाकीच्यांचे पैसे अडकतात आणि वर्षानुवर्षांचे बोलणे तुटते. मंदी आहे हे भिशीत मोकळेपणाने बोला. हप्त्याची रक्कम सर्वानुमते निम्म्यावर आणा, जिच्या घरी अडचण आहे तिचा नंबर चिठ्ठीशिवाय आधी द्यायला बाकीच्यांची हरकत नसेल तर तसे वहीत लिहा, आणि जिला पुढचे काही महिने जमणारच नाही तिला अपमान न होता थांबू द्या. डाळ, तांदूळ, तेल घाऊक भावाने एकत्र आणून वाटून घेणे हेही याच बायका करू शकतात. तुमच्यासारख्याच परिस्थितीत असलेल्या इतर वाचक भगिनींनीही आपल्या भिशीत किंवा बचत गटात हा विषय कोणाचा हप्ता चुकण्याआधी काढावा, असे मला वाटते.

राहिला आशेचा प्रश्न. तुम्ही असे गृहीत धरले आहे की दुसऱ्याला धीर देण्यासाठी आधी आपल्या मनात पुष्कळ आशा भरलेली असावी लागते. मला तसे वाटत नाही. “सगळे ठीक होईल” हे वाक्य तुम्हाला जड जाते, कारण ते खरे होईल की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे की तुम्हाला ठाऊक नाही. ते वाक्य बोलूच नका. “मंगळवारी दहा वाजता आपण दोघी पुरवठा कार्यालयात जाऊ, तुझी कागदपत्रे मी तपासून ठेवते,” हे वाक्य खरे आहे, आणि ज्या घरात पुढच्या महिन्याचा अंधार आहे त्या घरात पुढच्या मंगळवारची खात्री फार मोठी असते. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतून मला पुन्हा पुन्हा दिसते की माणसे संकटाच्या आकाराने जेवढी खचत नाहीत तेवढी पुढे काय करायचे हे न कळल्याने खचतात. तुम्ही त्या बाईला एक काम आणि एक तारीख देऊ शकता. करता करता ते काम तुम्हालाही सावरेल.

हेच यजमानांनाही लागू आहे, आणि त्यांच्याकडे मात्र थोडे अधिक बारकाईने लक्ष द्या. आयुष्यभर मागांच्या आवाजात वावरलेला माणूस रिकाम्या शेडमध्ये दिवसभर बसून राहतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालते हे तो सहसा सांगत नाही. रात्र रात्र झोप नसणे, जेवण टाळणे, कारण नसताना “माझ्यामागे तुम्ही असे करा, तसे करा” अशी बोलणी, दारू वाढणे, यातले काही दिसले तर ते परिस्थितीमुळे आहे म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतूनही बोलता येते. स्वतःसाठीही तो वापरायला संकोच करू नका. मनात स्वतःला संपवण्याचा विचार डोकावत असेल, तुमच्या किंवा त्यांच्या, तर उद्याची वाट न पाहता त्याच क्षणी बोला, घरच्या कोणाला तरी सांगा आणि माणसाला एकटे ठेवू नका.

आणि मुलगी. तिने तुम्हाला सरळ प्रश्न विचारला, म्हणजे तिने परिस्थिती पाहिली आहे, आणि तुमच्या गप्प राहण्यातून ती खरी गोष्ट आहे त्याहून वाईट काहीतरी समजून बसली असेल. तिला सांगा की घराची आवक निम्म्याहून कमी झाली आहे, कर्ज किती आहे आणि त्याचे काय चालले आहे, आणि तिच्या शिक्षणाचे काय ठरले आहे. शेवटची गोष्ट सांगण्याआधी थोडी माहिती काढून ठेवा. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग या प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही, म्हणून प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला जातो याला महत्त्व आहे. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची किंवा प्रवर्गाची प्रमाणपत्रे निकाल लागल्यावर काढायला गेलात तर दाखल्यांच्या रांगेत प्रवेशाची मुदत निघून जाईल. ती आत्ताच काढायला लागा, आणि हे काम तिच्यावरच सोपवा. सतरा वर्षांची मुलगी सेवा केंद्रात जाऊन स्वतःचा अर्ज भरू शकते. आपण घराच्या उपयोगी पडत आहोत हे तिला कळू द्या.

शेवटी भावाविषयी. तुम्ही दुसऱ्याच्या मुलांसाठी पाटली गहाण ठेवता आणि सख्ख्या भावाने हात पुढे केला तर तो मागे सारता. तुम्हाला देताना आनंद होतो, मग तो आनंद तुमच्या भावाला का मिळू नये? माहेरचे पैसे घेतले तर यजमानांना कमीपणा वाटेल, ही तुमची भीती मी समजू शकते, आणि म्हणूनच त्यांना न सांगता ते घेऊ नका. दोघांनी मिळून एक नेमकी गोष्ट ठरवा, शक्यतो पाटली सोडवणे हीच, कारण तिचे व्याज दर महिन्याला तुमच्या घरातून जात आहे. भावाला नेमका आकडा सांगा, माग सुरू झाल्यावर दरमहा किती परत करू शकाल ते सांगा, आणि तो लगेच “परत नको” म्हणाला तरी वहीत त्याच्या नावाचे पान उघडा. फोन यजमानांच्या समोर बसून करा, म्हणजे त्यांनाही चार शब्द बोलता येतील.